स्पोर्ट क्वाडचा पुढील भाग रुंद करणे

स्पोर्ट क्वाडचा पुढील भाग रुंद करणे म्हणजे स्पोर्ट क्वाड या हलक्या, एकाच स्वारासाठी बनवलेल्या चारचाकी वाहनाच्या पुढील दोन चाकांमधील अंतर कारखान्यातील मूळ मापापेक्षा वाढवणे होय. वाहन वळणावर किंवा आडव्या उतारावर सहज कलंडू नये, हा या बदलाचा मुख्य हेतू असतो. चाकाच्या मागे जाड चकती बसवून, वेगळ्या खोलीची रिम लावून किंवा चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या ए-आर्म नावाच्या भुजा लांब करून हा बदल करता येतो. मोकळ्या मैदानावर किंवा मोटोक्रॉसच्या मार्गावर वाढलेल्या रुंदीचा लाभ जवळजवळ निर्विवाद असतो. दाट झाडीतून जाणाऱ्या अरुंद वाटेवर मात हेच वाढलेले काही इंच दोन खोडांमध्ये अडकण्याचे कारण ठरू शकतात. त्यामुळे अशा वाटांवर स्वारी करणाऱ्यांमध्ये ‘किती रुंद’ हा प्रश्न ‘रुंद करावे की नाही’ या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा मानला जातो.

वाहनाची ओळख आणि पार्श्वभूमी

कोणत्याही भूभागावर चालणाऱ्या, दुचाकीप्रमाणे खोगिरावर बसून हँडलबारने वळवल्या जाणाऱ्या वाहनांना ऑल-टेरेन व्हेइकल किंवा संक्षेपाने एटीव्ही म्हणतात. त्यांतील शेतीकामाची, ओझे वाहणारी वाहने वजनदार असतात व त्यांपैकी अनेकांची चारही चाके इंजिनाने फिरतात. स्पोर्ट क्वाडमध्ये फक्त मागील दोन चाकांना गती मिळते. वजन सुमारे १५० ते १९० किलोग्रॅम, पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे एकाच स्विंगआर्मवर बसवलेला अखंड ॲक्सल, ही त्याची सर्वसाधारण रचना.

या वाहनांच्या आधी तीन चाकांची एटीव्ही होती. होंडा कंपनीने १९७० मध्ये असे तीनचाकी वाहन अमेरिकेत विक्रीस आणले. पुढे एकच चाक असल्यामुळे वळणावर ते सहज कलंडत असे. अपघातांची संख्या वाढू लागल्यावर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने प्रकरण न्यायालयात नेले आणि १९८८ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार प्रमुख कंपन्यांनी नव्या तीनचाकी वाहनांची तेथील विक्री थांबवली. पुढे २००८ च्या कायद्याने त्यांच्या आयातीवर व विक्रीवर बंदी आली. रुंदीचा प्रश्न किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी हा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. कारण पुढील बाजूस दोन चाके देणे हाच मुळात पुढील भाग रुंद करण्याचा पहिला व सर्वांत मोठा टप्पा होता.

सुझुकीचे एलटी२५०आर (१९८५), होंडाचे टीआरएक्स२५०आर (१९८६) आणि यामाहाचे बॅन्शी (१९८७) या वाहनांनी स्पोर्ट क्वाडचा नमुना पक्का केला. त्यांपैकी बॅन्शी हे ३४७ घनसेंटिमीटर क्षमतेचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक इंजिन असलेले वाहन अत्यंत वेगवान होते. परंतु त्याची एकूण रुंदी अवघी १,१०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४३.३ इंच होती. एवढी शक्ती आणि एवढा अरुंद पाया यांचा मेळ बसत नसल्याने बॅन्शी घेणारे अनेक जण प्रथम तिचा पुढील भाग रुंद करून घेत.

रुंदीचे दोन अर्थ

या विषयावरील बऱ्याच गोंधळाचे मूळ ‘रुंदी’ या शब्दात आहे. डाव्या टायरच्या मध्यरेषेपासून उजव्या टायरच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रॅक रुंदी. वाहन कलंडण्याचा हिशोब या मापावर चालतो. डाव्या टायरच्या बाहेरील फुगवट्यापासून उजव्या टायरच्या बाहेरील फुगवट्यापर्यंतचे अंतर म्हणजे एकूण रुंदी. झाडांमधून वाहन जाईल की नाही, हे या दुसऱ्या मापावर ठरते. मध्यरेषा त्याच जागी ठेवून अधिक रुंद टायर बसवला तर ट्रॅक रुंदी तेवढीच राहते, एकूण रुंदी मात्र वाढते. म्हणजे लाभ फारसा नाही आणि तोटा पुरा.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात एकूण रुंदी दिलेली असते. टायरमधील हवा कमी केल्यास खालचा फुगवटा वाढतो, म्हणून माप घेताना टायरमध्ये नेहमीइतकी हवा असावी आणि स्वार वाहनावर बसलेला असावा. सस्पेन्शन दबले की चाके किंचित बाहेर वा आत सरकतात. उभे राहून रिकाम्या वाहनाचे घेतलेले माप म्हणूनच फसवे असते.

रुंदीने स्थैर्य कसे वाढते

वाहन कलंडते ते बाहेरील बाजूच्या पुढील आणि मागील टायरच्या भूमीस्पर्शाच्या बिंदूंना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेवरून. स्वार व वाहन यांचा मिळून जो गुरुत्वमध्य असतो, त्यातून जाणाऱ्या बलांची दिशा या रेषेच्या बाहेर गेली की वाहन उलटू लागते. म्हणून गुरुत्वमध्यापासून या रेषेचे आडवे अंतर जितके अधिक आणि गुरुत्वमध्याची उंची जितकी कमी, तितके वाहन स्थिर.

एक उदाहरण घेऊ. समजा, मध्यापासून पुढील चाकाचे अंतर १८ इंच, मागील चाकाचे १९ इंच आणि गुरुत्वमध्य दोन्ही ॲक्सलांच्या बरोबर मधोमध, जमिनीपासून २६ इंच उंचीवर आहे. गुरुत्वमध्याच्या जागी कलंडण्याच्या रेषेचे अंतर १८ व १९ यांची सरासरी, म्हणजे १८.५ इंच येते. सस्पेन्शन व टायर यांचे दबणे सोडून दिले तर असे वाहन सुमारे ३५.४ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभे राहील. आता फक्त पुढील चाके प्रत्येक बाजूस दोन इंच बाहेर नेली, तर रेषा गुरुत्वमध्याजवळ दोन नव्हे, एकच इंच बाहेर सरकते आणि हा कोन सुमारे ३६.९ अंश होतो. एकूण चार इंच रुंदी वाढवून पदरात पडले दीड अंश. पुढील भाग रुंद केल्याने वाहन ‘उलटतच नाही’ असा जो समज आढळतो, तो या साध्या त्रिकोणमितीपुढे टिकत नाही. स्वाराने आपले शरीर वळणाच्या आतील बाजूस झुकवल्याने याहून अधिक फरक पडू शकतो, कारण वाहनाच्या वजनाशी तुलना करता स्वाराचे वजन नगण्य नसते.

तरीही स्वारांना रुंद वाहन प्रत्यक्षात अधिक निश्चिंत वाटते, आणि तो नुसता भास नव्हे. मागील ॲक्सल अखंड असून स्विंगआर्मला घट्ट जोडलेला असतो, त्यामुळे मागील बाजू एका बाजूला झुकायची तर आतील मागील चाक उचललेच पाहिजे. वळणावर प्रथम हेच घडते. ते चाक उचलल्यावर पुढील कल रोखण्याचे काम बाहेरील पुढच्या चाकावर आणि त्याच्या स्प्रिंगवर येते. तेथे भुजा लांब असेल व स्प्रिंग योग्य असेल, तर वाहन हळूहळू कलते आणि स्वाराला सावरण्यास वेळ मिळतो. स्प्रिंग फार मऊ असेल तर पुढील कोपरा खाली बसतो, गुरुत्वमध्य बाहेर ढळतो आणि रुंदीने मिळालेले थोडेसे स्थैर्यही हातचे जाते.

अरुंद वाटेचा प्रश्न

झाडीतील वाटेवर रुंदीचा तोटा हा लाभासारखा हळूहळू वाढत नाही. तो एका विशिष्ट मापाला एकदम समोर उभा राहतो. दोन खोडांमध्ये ५० इंचांची फट असेल तर ४६ इंचांच्या वाहनाला प्रत्येक बाजूस दोन इंच मोकळीक मिळते, ४९ इंचांच्या वाहनाला अर्धा इंच. शिवाय वाहन फटीत क्वचितच सरळ शिरते. वळण घेत घेत ते दहा अंश तिरके शिरले, तर २१ इंच व्यासाचे टायर असलेल्या ४६ इंची पुढील भागाला सुमारे ४९ इंच जागा लागते. कागदावर चार इंच दिसणारी मोकळीक अशा वेळी एकच इंच उरते. टायरचा फुगवटा खोडावर आदळला की चाक मागे ढकलले जाते, हँडलबार हातातून फिरतो आणि वाहन त्या झाडाभोवती गिरकी घेते. अंगठा दुखावणे, मनगट मुरगळणे हे प्रकार येथूनच उद्भवतात.

वळणावर मागील चाके पुढील चाकांच्या मागावरून जात नाहीत; ती आतून जातात. व्हीलबेस ५० इंच असेल आणि मागील ॲक्सलचा मध्य दहा फूट त्रिज्येच्या वळणावरून संथपणे जात असेल, तर पुढील ॲक्सलचा मध्य त्याच्या सुमारे दहा इंच बाहेरून जातो. बैलगाडीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. घसरत्या जमिनीवर सराईत स्वार मागचा भाग बाहेर सरकवून हा फरक कमी करतो, पण ओल्या मुळांवर आणि दगडांवर ते दर वेळी साधत नाही.

यातूनच झाडीतील स्वारीचा एक व्यावहारिक संकेत तयार झाला आहे : वाहनाचा सर्वांत रुंद भाग पुढे असावा. पुढील चाके स्वाराच्या नजरेसमोर असतात, मागील नसतात. पुढचा भाग निदान मागच्याइतका किंवा एखाद-दोन इंच अधिक रुंद असला, की सरळ फटीतून पुढची चाके गेली तर मागची जातील असा भरवसा धरता येतो. उलट मागचा भाग रुंद असेल तर पुढची चाके सुखरूप निघतात आणि मागचे चाक बेसावध क्षणी खोडाला अडते. वेगात असताना हा झटका पुढील चाक अडण्याच्या झटक्याइतकाच धोकादायक असतो.

मागचा भाग अरुंद ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. अखंड ॲक्सलला डिफरन्शियल नसल्याने दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतील चाकाला कमी व बाहेरील चाकाला अधिक अंतर कापायचे असते, म्हणून निदान एक चाक घसरावेच लागते. हे घसरणे वाहनाला सरळ रेषेत ढकलू पाहते आणि मागची चाके जितकी दूर दूर, तितका हा विरोध मोठा. नागमोडी वाटेवर ज्या वाहनाबद्दल ‘ते वळतच नाही’ अशी तक्रार असते, त्याच्या मागच्या ॲक्सलची रुंदी आधी तपासावी. पुष्कळदा दोष पुढच्या भागाचा नसतो.

वाटांच्या रुंदीला काही ठिकाणी नियमांचेही बंधन आहे. अमेरिकेच्या वनखात्याच्या अनेक वाटा ५० इंच (१,२७० मिलिमीटर) किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठीच खुल्या असतात. ऑरेगन राज्यात पहिल्या वर्गातील एटीव्हीच्या व्याख्येतच ५० इंचांची मर्यादा आहे. काही वाटांच्या आरंभी याच मापाचे अडसर उभारलेले असतात, त्यामुळे तेथे वाद घालण्यास जागा उरत नाही.

रुंद करण्याच्या पद्धती

सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे स्पेसर. हब आणि रिम यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती बसवतात. चांगल्या स्पेसरला स्वतःचे स्टड असतात : चकती मूळ स्टडवर नटांनी आवळायची आणि चाक चकतीच्या स्टडवर बसवायचे. नुसत्या पातळ चकत्या मूळ स्टडवरच घालतात. त्याने नटाला पकडण्यास कमी आटे उरतात. आटे स्टडच्या व्यासाइतक्या लांबीत तरी पकडले जावेत, असा यंत्रशाळेतील जुना दंडक आहे. तो मोडून बसवलेले चाक निखळल्यास नवल नाही.

स्पेसर लावण्यास अर्धा तास लागतो, हाच त्याचा गुण. दोष अनेक. चाक बॉल जॉइंटांपासून दूर गेल्याने हबच्या बेअरिंगवर आणि स्पिंडलवर तरफेसारखा अधिक भार येतो. त्याहून महत्त्वाचा परिणाम सुकाणूवर होतो. वरच्या व खालच्या बॉल जॉइंटमधून काढलेली रेषा जमिनीला जेथे मिळते, त्या बिंदूभोवती चाक वळते. टायरच्या स्पर्शाचा मध्य या बिंदूपासून जितका बाहेर, तितका प्रत्येक दगडाचा धक्का हँडलबारपर्यंत लांब तरफेने पोहोचतो. या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. दीड इंचाचा स्पेसर लावला की ते अंतर जवळजवळ तेवढेच वाढते. मऊ वाळूत हे जाणवत नाही. मुळे आणि दगड यांनी भरलेल्या वाटेवर मात्र तासाभरात हात भरून येतात. हँडलबारला स्टीअरिंग डॅम्पर जोडून धक्के सौम्य करता येतात, मूळ कारण तसेच राहते.

रिम बदलण्याची पद्धतही तत्त्वतः हीच आहे. रिम हबवर जेथे टेकते तेथपासून तिच्या आतील कडेपर्यंतची खोली कमी असलेली रिम लावली की चाक बाहेर येते. जोडणीतला एक तुकडा कमी होतो आणि स्टडचा प्रश्न उद्भवत नाही, एवढी ती स्पेसरपेक्षा बरी. स्क्रब रेडियस हिनेही वाढतोच. रिमचे स्टड-अंतर प्रत्येक कंपनीचे वेगळे असू शकते, हे खरेदीपूर्वी पाहावे लागते.

तिसरी पद्धत म्हणजे लांब ए-आर्म. यात चाक, हब, स्पिंडल आणि बॉल जॉइंट हे सर्व एकत्र बाहेर जातात, म्हणून स्क्रब रेडियस बदलत नाही. बाजारात अशा भुजांचे वर्णन ‘अधिक दोन, अधिक एक’ अशा आकड्यांनी करतात. पहिला आकडा प्रत्येक बाजूस वाढलेली रुंदी इंचांत सांगतो, दुसरा चाक किती इंच पुढे सरकले ते. येथे ‘प्रत्येक बाजूस’ या शब्दांकडे दुर्लक्ष होऊन पुष्कळांची फसगत होते. ‘अधिक दोन’ भुजांनी वाहन दोन नव्हे, चार इंच रुंद होते. बॅन्शीच्या ४३.३ इंचांत चार मिळवले की ४७.३ इंच होतात. ५० इंचांच्या वाटेवर हे वाहन चालते आणि पुढील भाग समाधानकारक रुंद होतो. हीच भुजा १,१७० मिलिमीटर रुंदीच्या वाहनाला लावली तर रुंदी १,२७१.६ मिलिमीटर होते. म्हणजे मर्यादा दीड मिलिमीटरने ओलांडली. अशा वाहनाला प्रत्येक बाजूस एक इंच वाढवणाऱ्या भुजा पुरेशा ठरतात.

चाक एक इंच पुढे नेल्याने व्हीलबेस वाढतो, चढावर पुढचा भाग उचलला जाण्याची प्रवृत्ती थोडी कमी होते आणि खडबडीत उतारावर वाहन शांत राहते. वळणाची त्रिज्या किंचित वाढते. अगदी नागमोडी वाटेवरच फिरणाऱ्याने पुढे न सरकवणाऱ्या भुजा घेणे योग्य.

लांब भुजांची खरी किंमत स्प्रिंगच्या हिशोबात मोजावी लागते आणि येथेच बहुतेक घरगुती प्रयोग फसतात. समजा, मूळ भुजा सांगाड्यावरील खिळीपासून बॉल जॉइंटपर्यंत १४ इंच आहे आणि शॉक ॲब्सॉर्बर खिळीपासून ९ इंचांवर टेकतो. भुजा १६ इंच केली व शॉक ॲब्सॉर्बरची जागा तीच ठेवली, तर चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा ताठरपणा १४ भागिले १६ या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो. तो मूळच्या सुमारे ७७ टक्के उरतो. भुजा फक्त दोन इंच वाढली, पण स्प्रिंग जवळपास पाव हिश्शाने मऊ झाली. चाकाची वरखाली होण्याची मर्यादा सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, हे खरे. परंतु वाहन आता खाली बसते, वळणावर अधिक कलते आणि उडी घेतल्यावर सांगाडा जमिनीला लागतो. रुंदी वाढवल्यावरही वाहन पूर्वीपेक्षा अधिक डगमगते, ही वरकरणी विचित्र वाटणारी तक्रार अशीच जन्माला येते. उपाय दोन. एक तर शॉक ॲब्सॉर्बरची टेकण्याची जागा त्याच प्रमाणात बाहेर नेलेल्या भुजा घ्याव्यात आणि त्यांना जुळणारे लांब शॉक ॲब्सॉर्बर बसवावेत. नाही तर स्प्रिंग तरी अधिक ताठर घालावी. स्प्रिंगचा प्रीलोड वाढवून वाहन वर उचलता येते, पण प्रीलोडने स्प्रिंगचा ताठरपणा बदलत नाही. हा भेद अनुभवी हौशी लोकांच्याही ध्यानात राहत नाही.

भूमिती पुन्हा जुळवणे

भुजा बदलल्या की टाय रॉड तेवढेच लांब करावे लागतात. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून मधला दांडा फिरवला की तो लांब किंवा आखूड होतो. मूळचाच दांडा ओढून ओढून पुरवण्याचा मोह टाळावा. टोकांत पुरेसे आटे न उरल्यास ऐन वेगात सुकाणू निकामी होण्याचा संभव असतो. ब्रेकच्या नळ्या हँडलबार पूर्ण वळवून आणि चाक पूर्ण खाली लोंबकळत ठेवून तपासतात. तेव्हा त्या ताणल्या जात असतील तर लांब नळ्या घालणे अनिवार्य आहे.

यानंतर तीन कोन पाहतात. समोरून पाहता चाकाचा उभा कल म्हणजे कॅम्बर. बाजूने पाहता बॉल जॉइंटांच्या रेषेचा मागे झुकलेला कल म्हणजे कॅस्टर. तो वाढला की सरळ वाटेवर वाहन स्थिर राहते, पण हँडलबार जड होतो. नागमोडी वाटेवर तो फार वाढवत नाहीत. वरून पाहता चाके पुढच्या बाजूस किंचित जवळ असणे म्हणजे टो-इन. ते काही मिलिमीटरच असते. मोजण्याची रीत सोपी आहे : हँडलबार सरळ बांधून ठेवावा, दोन्ही टायरच्या मध्यावर हबच्या उंचीला खडूने खूण करावी, पुढच्या बाजूचे अंतर मोजावे, मग चाके अर्धा फेरा फिरवून त्याच खुणांमधले मागच्या बाजूचे अंतर मोजावे.

चौथी गोष्ट कोनांच्या तक्त्यात दिसत नाही, ती म्हणजे बंप स्टीअर. चाक वर-खाली होताना टाय रॉड आणि ए-आर्म वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरले, तर प्रत्येक उंचवट्यावर चाक आपोआप थोडे वळते. शॉक ॲब्सॉर्बर काढून चाक हाताने पूर्ण वर व पूर्ण खाली नेले की हा दोष डोळ्यांनी दिसतो. स्वस्त भुजांमध्ये तो बऱ्याचदा असतो आणि टाय रॉडची लांबी बदलून तो जात नाही. बाहेरील टोकाची उंची बदलावी लागते.

कारखान्यातील निवड

उत्पादकांनाही हा पेच सुटलेला नाही, याचे चांगले उदाहरण यामाहाचे आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटोक्रॉससाठी थेट कारखान्यातून रुंद वाहने येऊ लागली. सुझुकीचे २००६ चे एलटी-आर४५० हे १,२४५ मिलिमीटर रुंद होते. यामाहाने २००९ मध्ये वायएफझेड४५०आर आणले, त्याची रुंदी १,२४० मिलिमीटर होती. मोटोक्रॉसच्या मार्गावर ते उत्तम चालले. झाडीतील लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी मात्र ते फार रुंद असल्याचे दिसून आले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने त्याच इंजिनाचे वायएफझेड४५०एक्स हे १,१७० मिलिमीटर रुंदीचे वाहन काढले. एकाच वाहनाच्या दोन आवृत्त्यांमध्ये ७० मिलिमीटरांचा फरक केवळ झाडांसाठी ठेवला गेला. अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत चालणाऱ्या ग्रँड नॅशनल क्रॉस कंट्री या शर्यतमालिकेत असे अरुंद वाहन उपयोगी पडते.

सोबतचे बदल

झाडीत फिरणाऱ्या वाहनाला पुढची रुंदी वाढवताना पुढील व मागील चाकांच्या मध्ये नळीची चौकट, म्हणजे नर्फ बार, बसवणे इष्ट समजतात. पुढचे चाक खोडाला चाटून गेल्यावर ते खोड दोन्ही चाकांच्या मधल्या पोकळीत शिरू नये आणि स्वाराचा पाय मागील चाकाखाली येऊ नये, हे तिचे काम. हँडलबार चाकांपेक्षा अरुंद असतो, परंतु झाडे सरळच वाढतात असे नाही. कललेल्या खोडांपासून बोटे वाचवण्यासाठी हातांपुढे ढाली लावतात.

भारतातील संदर्भ

भारतात एटीव्ही मुख्यतः पर्यटनस्थळांवर आढळतात. महाराष्ट्रात अलिबागजवळील नागाव व काशीद येथील समुद्रकिनाऱ्यांवर आणि लोणावळा परिसरातील साहसी खेळांच्या ठिकाणी ती भाड्याने चालवायला मिळतात. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी अशा वाहनांची सामान्यतः नोंदणी होत नाही. भाड्याच्या वाहनांची रुंदी बदलण्याचे प्रयोजन नसते. तेथे हेल्मेट, टायरमधील हवा आणि नवख्या स्वाराचा वेग या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

या लेखातील भूमितीशी मराठी विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो तो बाहा एसएईइंडिया या स्पर्धेमुळे. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे अनेक वर्षे भरत आलेल्या या स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका आसनाची, खडबडीत मार्गावर चालणारी गाडी स्वतः घडवतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही त्यात भाग घेतात. ती गाडी क्वाड नसून चौकटीच्या पिंजऱ्यात बसून स्टीअरिंगने चालवायची असते. तथापि पुढील ए-आर्मची लांबी, शॉक ॲब्सॉर्बरची टेकण्याची जागा, स्क्रब रेडियस आणि बंप स्टीअर यांचा हिशोब तेथेही हाच असतो, आणि ट्रॅक रुंदी ठरवताना स्थैर्य व वळण्याची चपळाई यांच्यातील ओढाताणही हीच असते.